एक्सप्रेस न थांबणारी गावं



खेळाडूंना टोपणनावं देण्याची आपल्याकडे मोठी हौस. कुणी उडनपरी, कुणी जादूगार, कुणी भिंत, तर कुणी चक्क आगगाडी. ही नावं प्रेमानं दिलेली असतात हे मलाही कळतं, आणि कानाला गोड लागतात हेही खरं. पण टोपणनाव तोंडपाठ आणि माणसाचा पत्ताच नाही, असं दिसलं की सगळी हयात शाळेत गेलेल्या माझ्यासारखीचा हात आपोआप खडू शोधायला लागतो. म्हणून आजचा हा लेख. लांबला तर सांभाळून घ्या, तासाची घंटा आता कुणी देत नाही :-)

निमित्त झालं एका शब्दकोड्याचं. पुण्याच्या नातवानं सुट्टीत बसून तेरा बाय तेराचं एक कोडं रचलं आणि घरच्या सगळ्यांना पाठवलं. विषय, खेळाडूंची टोपणनावं. सूचक शब्द म्हणून खेळाडूचं नाव द्यायचं आणि चौकोनात टोपणनाव भरायचं, अशी रचना. उदाहरणार्थ, 'आडवे ९ : कविता राऊत, ____ एक्सप्रेस (५)'. उत्तर, सावरपाडा.

आधी कौतुक करते, कारण कौतुक करण्याजोगंच काम आहे. मराठीत शब्दकोडं रचणं हे इंग्रजीपेक्षा वेगळं आणि माझ्या मते अवघड. पहिलं शब्दकोडं आर्थर विन नावाच्या माणसानं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात छापलं असं मानतात. त्याला बरं होतं, एका घरात एक सुटं रोमन अक्षर. आपल्याकडे मात्र काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळं बिऱ्हाड घेऊन अक्षर एका घरात राहायला येतं. आडव्या शब्दात 'दू' असेल तर उभ्या शब्दातही 'दू'च हवा, 'दु' चालत नाही. नातवानं 'जादूगार' आडवा घातला होता आणि त्याच्या दुसऱ्या घरातून खाली 'दूध' सोडलं होतं. ज्यानं 'जादुगार' लिहिलं, त्याचं दूध तिथेच नासलं! वर्गात ऱ्हस्व-दीर्घ शिकवायला मला असं साधन मिळालं असतं तर किती छड्या वाचल्या असत्या.

'पय्योली'तल्या 'य्यो'चं मात्र त्याला काही करता आलं नाही. त्या घरातून जाणारा दुसरा मराठी शब्द सापडेना, म्हणून वर-खाली काळी घरं टाकून मोकळा झाला. ठीक आहे बाप्पा, अडला हरी.

तर मी कोडं सोडवलं. 'कर्नल'पाशी मात्र अडले. सूचक शब्द होता दिलीप वेंगसरकर. आता वेंगसरकरांना कर्नल म्हणतात हे बरोबरच आहे. पण हे नाव आलं कुठून? १९७५ साली नागपूरला इराणी चषकाचा सामना झाला. वेंगसरकर तेव्हा पोरगेलेसे होते. त्या सामन्यात त्यांनी बेदी-प्रसन्नासारख्या फिरकी गोलंदाजांना असं काही धुतलं की बघणाऱ्यांना कर्नल सी. के. नायडूंची आठवण झाली. नायडू तर जन्मानंच नागपूरचे, १८९५ सालचे. १९३२ साली भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हाचे कर्णधार. होळकरांच्या सैन्यातला हुद्दा त्यांना मिळाला होता म्हणून ते कर्नल. म्हणजे एका माणसाचा हुद्दा दुसऱ्या माणसाचं टोपणनाव झाला, आणि मूळ धनी कोड्यातून गायब! 'नायडू'ही तीन घरांत बसतो, 'कर्नल'ही तीन घरांत. पण सूचक शब्द उलटा असता, म्हणजे 'नागपूरचे कर्नल (३)' असं विचारलं असतं, तर सोडवणाऱ्याला नायडूंपर्यंत जावंच लागलं असतं.

इथे माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

दुसऱ्या दिवशी शेजारची सातवी-आठवीतली पोट्टे गोळा केले आणि कोड्यातलेच प्रश्न विचारले. 'मास्टर ब्लास्टर' सगळ्यांना आलं. 'फ्लाईंग सिख' आलं, सिनेमाच्या कृपेनं. 'उडनपरी' म्हटल्यावर दोघी-तिघी विचारात पडल्या. आणि 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हटल्यावर एका पोट्ट्यानं मोठ्या आत्मविश्वासानं विचारलं, "गोंदियावरून सुटते का, मॅडम?"

हसू आलं, पण त्याचं काय चुकलं? आमच्या भंडारा जिल्ह्यातून 'विदर्भ एक्सप्रेस' नावाची खरीखुरी गाडी धावते, मुंबई ते गोंदिया. आणि 'विदर्भ एक्सप्रेस' म्हणजे उमेश यादवही, वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत उतरलेला विदर्भाचा पहिला खेळाडू. एक भंडारा रोडला थांबते आणि दुसरा थांबत नाही, एवढाच फरक पोरांना कळणार कसा?

आता या एक्सप्रेसांची यादीच बघा ना. पी. टी. उषा पय्योली एक्सप्रेस, शोएब अख्तर रावळपिंडी एक्सप्रेस, झूलन गोस्वामी चकदा एक्सप्रेस, हिमा दास धिंग एक्सप्रेस. आपल्या महाराष्ट्रात कविता राऊत सावरपाडा एक्सप्रेस आणि ललिता बाबर माणदेशी एक्सप्रेस. रेल्वेच्या वेळापत्रकाची पुरवणी काढावी इतकी गर्दी. वेगात धावणारा किंवा चेंडू टाकणारा कुणी दिसला की त्याचं गाव घ्यायचं, पुढे एक्सप्रेस जोडायचं, झालं काम. बातमी लिहिणाऱ्याचे दोन मिनिटं वाचतात.

गंमत अशी की नाशिक जिल्ह्यातल्या ज्या आदिवासी पाड्यावरून कविता आली, तिथे रेल्वे नाही. ललिताचं मोही गाव सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं, तिथेही रेल्वे नाही. आमच्या दिघोरीलाही नाही, गाडी धरायची तर वडसा नाहीतर सौंदड गाठावं लागतं. आमच्याकडे येते ती एसटी, म्हणजे लालपरी. त्यामुळे दिघोरीची एखादी पोट्टी उद्या देशासाठी धावली तर तिला 'दिघोरी एक्सप्रेस' म्हणण्याआधी लोकांनी जरा थांबावं. तिचा वेग लालपरीच्या वेळापत्रकातून वाट काढत आलेला असेल.

याची दुसरी बाजू आहे, आणि ती मला नातवानंच ऐकवली. तो म्हणाला, "आजी, एक्सप्रेस जोडलं नसतं तर सावरपाडा हे नाव तुला तरी कळलं असतं का?" बिनतोड मुद्दा. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कवितानं दहा हजार मीटरला ब्राँझपदक मिळवलं. या स्पर्धांमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराला रौप्य. तेव्हा सावरपाडा हे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आलं. एखाद्या पाड्याचं नाव एरवी पेपरात कधी येतं? पूर आला, साथ आली, कुपोषणानं मुलं गेली, की येतं. इथे ते अभिमानानं आलं. गावाचं नाव मिरवणारं टोपणनाव मला म्हणूनच सगळ्यात कमी खुपतं. त्यात निदान मातीचा वास आहे.

खुपतं ते वेगळंच. टोपणनावांची यादी समोर ठेवून मी वहीत दोन रकाने आखले, एक पुरुषांचा, एक बायकांचा. तुम्हीही करून बघा. पुरुषांच्या रकान्यात मास्टर, लिटल मास्टर, जादूगार, कर्नल, वॉल. म्हणजे कसब, हुद्दा, भक्कमपणा. बायकांच्या रकान्यात परी, राणी, हरिणी. परीला घाम येत नाही हो! तिला पंख असतात, ती उडते, तिचं काही कर्तृत्व नसतं. पी. टी. उषा पय्योलीच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत पळून तयार झाली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. ५५.४१ ला ब्राँझ आणि ५५.४२ ला चौथा क्रमांक. दोन वर्षांनी, १९८६ साली सेऊलच्या आशियाई स्पर्धेत त्याच बाईनं चार सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. याला परी म्हणायचं? शेतात रोवणीला वाकलेल्या बाईला कुणी परी म्हणतं का?

परदेशात तरी काय वेगळं होतं म्हणा. फिनलंडचा पाव्हो नुर्मी हा 'उडता फिन', म्हणजे त्याच्या पंखांना देशाचं नाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएननं चार सुवर्णपदकं जिंकली. तीस वर्षांची, दोन लेकरांची आई. तिला वर्तमानपत्रांनी नाव दिलं 'उडती गृहिणी'! नुर्मी उडाला तर देश उडाला, आणि फॅनी उडाली तर स्वयंपाकघर. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं मिळवणाऱ्या अमेरिकेच्या विल्मा रुडॉल्फचं लहानपण पोलिओशी झगडण्यात गेलं होतं. तिला 'काळी हरिणी' म्हणाले. रंगही आला आणि जनावरही आलं.

निव्वळ आगगाडी म्हटलं म्हणून मी रागावत नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकलाही रेल्वेचं इंजिनच म्हणायचे, आणि ते त्याला शोभायचंही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यानं पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं नेली. नावातून त्याच्या धावण्याची जात कळते. माझी कसोटी एवढीच आहे. टोपणनावातून माणसाचं काम कळतं का, किंवा तो कुठून आला हे कळतं का? कळत असेल तर ठीक. त्याचा रंग, रूप, बांधा, संसार एवढंच कळत असेल तर ते नाव परत करावं.

त्याच हेलसिंकीत आपले खाशाबा जाधव होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून त्यांना सात हजार रुपये दिले होते. कुस्तीत ब्राँझपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर असं दुसरं पदक यायला १९९६ साल उजाडलं, चव्वेचाळीस वर्षं! लहान चणीमुळे त्यांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणत. कोड्यात ते सात घरांत बसलं होतं. पण आमच्याकडे ते नाव कुणाच्या तोंडी कधी बसलं नाही. गावाकडच्यांनी शे-दीडशे बैलगाड्यांची मिरवणूक काढली ती खाशाबांची, डायनॅमोची नव्हे. 'खाशाबा' हे नावच इतकं भरदार आहे की त्याला दुसरं चिकटवायची गरज पडली नाही. दुर्दैव असं की पुढे कित्येक वर्षं या माणसाची दोन्ही नावं आपण विसरलो. १९८४ साली अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आता थोडं घरचं सांगते. सेऊलनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट आहे. आमच्या वर्गात एक मुलगी होती. धान कापणीच्या दिवसांत आईबरोबर बांध्यांतून फिरायची आणि शाळेची घंटा झाली की तशीच पळत यायची. तालुक्याच्या स्पर्धेत अनवाणी धावली आणि पहिली आली. भोंग्यावर कुणीतरी गृहस्थ होते, ते ओरडले, "आली, आली, दिघोरीची पी. टी. उषा आली!" टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून ती साऱ्या पंचक्रोशीत उषा झाली. शेजारच्या गावचे मास्तर भेटले की विचारायचे, "काय म्हणते तुमची उषा?" बक्षिसाच्या कागदावर तिचं खरं नाव होतं, पण ते वाचलं कुणी? पुढे दहावी झाली, लग्न झालं आणि सासरी रीतीप्रमाणे तिचं नाव बदललं. म्हणजे धावली ते एका नावानं, नांदली ते दुसऱ्या नावानं, आणि आई-बापानं ठेवलेलं नाव शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात राहिलं. मला ते नाव पाठ आहे. हजेरी घेणाऱ्याला नावंच पाठ असतात. इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही.

आणि आमच्याच झाडीपट्टीत शंकरपट भरतो तेव्हा काय होतं? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयानंतर पट बंद होते, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ साली घटनापीठानंही शिक्कामोर्तब केलं. आता पुन्हा दणक्यात भरतात, रात्री नाटकं होतात. दाणीवर जोडी सुटण्याआधी भोंग्यावरून पुकारा होतो. मालकाचं नाव, गावाचं नाव आणि बैलांची नावं. सगळं अगदी व्यवस्थित. कुठल्याही बैलाला दुसऱ्या बैलाच्या नावानं पुकारत नाहीत. तसं केलं तर मालक भांडायला उभा राहील! पोरीच्या बाजूनं मात्र कुणीही उभं राहिलं नाही. सगळ्यांना ते कौतुकच वाटत होतं.

यावर घरात बरीच चर्चा झाली. लेकाचं म्हणणं, "आई, तू फार खोलात जातेस, शब्दकोडं म्हणजे विरंगुळा." सुनेचं म्हणणं, टोपणनावामुळे खेळाडू घरचा वाटतो. सचिनला तेंडल्या म्हटलं की तो गल्लीतला पोरगा होतो. राहुल द्रविडच्या वडिलांची नोकरी जॅमच्या कंपनीत, म्हणून सोबत्यांनी त्याला जॅमी केलं. हे सगळं मला मान्य आहे. सोबत्यांनी दिलेलं नाव वेगळंच असतं. ते देणाऱ्याला मूळ नाव माहीत असतं, घर माहीत असतं, वडिलांची नोकरीसुद्धा माहीत असते. माझा आक्षेप आहे तो ज्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं, अशा लोकांनी लांबून चिकटवलेल्या नावांवर. आणि विरंगुळा म्हणाल, तर जे विरंगुळ्यातून शिरतं तेच डोक्यात जास्त टिकतं. चाळीस मिनिटांच्या तासात सांगितलेलं पोरं विसरतात, कोड्यात अडलेला शब्द विसरत नाहीत. म्हणून चौकोनात काय भरायला लावायचं हे साधं ठरवणं नाही. जे चौकोनात जातं ते हातानं लिहिलं जातं, खोडून पुन्हा लिहिलं जातं, आडव्या-उभ्यातून तपासलं जातं. सूचक शब्द नुसता वाचून सोडला जातो.

तेव्हा माझं मत असं. टोपणनाव सूचक शब्दात घाला आणि माणसाचं नाव चौकोनात. शब्दकोड्यातच कशाला, शाळेच्या सामान्यज्ञान स्पर्धेत आणि पेपरच्या मथळ्यातही हाच क्रम ठेवा. टोपणनाव दारावरची पाटी आहे, तिच्यावरून घर शोधायचं असतं, पाटीच काढून घरी आणायची नसते. ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. उषानंतर तब्बल बत्तीस वर्षांनी एखादी भारतीय स्त्री प्राथमिक फेरी पार करून ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली होती. 'माणदेशी' एवढं लिहून भागत नाही. मोहीहून रिओपर्यंत जी गेली तिचं नाव लिहायला हवं.

शिवाय रचणाऱ्याचीही सोय होते. 'य्यो'साठी शब्द शोधत बसावं लागत नाही. 'उषा' दोन घरांत. 'कविता' तीन घरांत, 'ललिता' तीन घरांत, आणि दोघी 'ता'वर एकमेकींना छेदतात! नातवाला हे दाखवलं तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आजी, पुढचं कोडं तूच कर."

सुरुवात केली आहे. वानगीदाखल चार सूचक शब्द देते. नातेवाईक मंडळींनी आणि इतर वाचकांनी उत्तरं जरूर कळवावीत. इंटरनेटवर बघायचं नाही, घरातल्या मोठ्यांना विचारायचं.

आडवे १ : गोळेश्वरचा हेलसिंकीवीर (३)
उभे २ : पय्योलीच्या वाळूत पळालेली (२)
आडवे ५ : चांदण्यात सराव करायचा म्हणून आडनावच चंद्राचं झालं असं सांगतात, तो हॉकीपटू (४)
उभे ७ : दिघोरीची धावपटू, तालुक्यात पहिली (३)

शेवटच्याचं उत्तर तुम्हाला येणार नाही. तिचा फोन नंबर शोधून तिला विचारते, हो म्हणाली तर पुढच्या लेखात छापते.